विश्वस्तांनाही शिकावं लागतं

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

मला विषय दिला आहे तो असा : स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्यांना आणि संस्थेच्या कार्यकारिणीला व्यवस्थापनाचं शिक्षण लागतं का, आणि लागत असेल तर ते कसं असावं. आता तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण बघा, या प्रश्नाच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न आहे. चांगुलपणा शिकवता येतो का? प्लेटोच्या 'मेनो' या संवादाची सुरुवातच या प्रश्नाने होते. संस्था चालवणाऱ्यांचं म्हणणं साधारण असं असतं, की आमचा हेतू चांगला आहे, मग शिकायचं काय? आज आपण या म्हणण्याची तपासणी करू.

खाणीत उतरताना आणि सभेत बसताना

राजूर हे कोळशाचं आणि चुन्याचं गाव. इथल्या घराघरात खाणीची भाषा कळते. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. खाणीत नवा माणूस लागला तर त्याला थेट कामावर पाठवत नाहीत. 1966 चे खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम आहेत. त्यानुसार आधी प्रशिक्षण, मग काम. मायनिंग सरदार व्हायचं, ओव्हरमन व्हायचं, तर परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्र लागतं. का? कारण दुसऱ्यांचा जीव त्याच्या निर्णयावर अवलंबून असतो. तो माणूस मनाने किती चांगला आहे हे कोणी विचारत नाही. छत ठोकून बघता येतं का, वायू ओळखता येतो का, हे विचारतात.

आता दुसरीकडे बघा. शाळा चालवणारी संस्था, वाचनालय, महिला मंडळ, अनाथ मुलांचं वसतिगृह, व्यसनमुक्तीचं केंद्र. यांच्या कार्यकारिणीवर यायला काय लागतं? ओळख लागते. गावात मान लागतो. कधी कधी नुसती सही लागते, कारण नोंदणी करायची तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं हवीत. मग सहा जण झाले की सातवा शोधायचा. "तुम्हाला काही करायचं नाही, फक्त नाव द्या." हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे, की "फक्त नाव द्या" असं काही नसतं. नाव दिलं की कर्तव्य सुरू होतं. खाणीतली चूक त्याच क्षणी कळते. संस्थेतली चूक पाच-सात वर्षांनी कळते, आणि तिची किंमत ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांना मोजावी लागते.

त्याग होता, तरी भांडण झालं

हेतू पुरेसा असतो का, हे तपासायला आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. 1884 साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे ही सगळी माणसं. यांच्या हेतूबद्दल शंका घेईल असा मराठी माणूस सापडणार नाही. तुटपुंज्या पगारावर आयुष्य द्यायला निघालेले लोक होते. आणि तरीही 1890 साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले.

आपण या प्रकरणाकडे नेहमी दोन मोठ्या माणसांच्या मतभेदाच्या अंगाने बघतो. सुधारणा आधी की स्वराज्य आधी, वगैरे. पण त्या वादाचा मोठा भाग अगदी व्यवस्थापनाचा होता. आजीव सदस्याने संस्थेबाहेरची कामं किती घ्यावीत? त्यातून मिळणारे वरचे पैसे कोणाचे? एखाद्याला अडचणीत जादा रक्कम द्यायची तर नियम कोणता? आजच्या भाषेत सांगायचं तर मानधन, बाहेरचा व्यवसाय आणि हितसंबंध यांचं धोरण. शिवाय जे शिकवणारे तेच कारभार बघणारे, म्हणजे स्वतःच्या वेतनाचा निर्णय स्वतःच घ्यायचा. त्यागी माणसांनाही ही गाठ सोडवता आली नाही. उलट मी तर म्हणेन, त्यागी माणसांना ती जास्त जड जाते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या त्यागाचं माप आपल्या मापाने घ्यायचं असतं.

आणखी पाच वर्षांनी, 1895 साली, पुण्याच्या सार्वजनिक सभेत निवडणूक झाली. टिळकांच्या बाजूचं बहुमत झालं, आणि 1896 मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. सभासद कोण, मत कोणाला, कार्यकारिणी कशी बदलते, या कोरड्या वाटणाऱ्या कलमांनी महाराष्ट्राच्या राजकारणाचे दोन भाग केले. तेव्हा घटना आणि नियम हे कारकुनी काम आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला ही दोन उदाहरणं सांगा.

कायदा काय मागतो

महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय तुम्हाला माहीत आहेच. त्या कायद्यात कलम 36-अ आहे. विश्वस्ताने किती काळजी घ्यावी, याचं माप त्यात दिलं आहे. सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या व्यवहारात जेवढी काळजी घेतो तेवढी, असा त्याचा आशय आहे.

हे माप मला फार सुंदर वाटतं. कायदा तुमच्याकडे संतपण मागत नाही, विद्वत्ताही मागत नाही, शहाणपण मागतो. अ‍ॅरिस्टॉटलने याच शहाणपणाला ज्ञानाचा वेगळा प्रकार मानलं. तो म्हणतो, तरुण माणूस भूमितीत तरबेज होऊ शकतो, पण व्यवहारातलं शहाणपण त्याच्याकडे लगेच येत नाही, कारण ते अनुभवातून येतं. सूत्र पाठ करून येत नाही. प्रशिक्षण कसं असावं हा प्रश्न इथून सुटायला लागतो, त्याच्याकडे मी पुढे येतो.

त्या मापात एक गंमतही आहे. "स्वतःच्या व्यवहारात" असं म्हटलंय, पण संस्था तर तुमची स्वतःची नाही! म्हणजे आपलं समजून जपायचं, पण आपलं समजून वापरायचं नाही. गांधीजी विश्वस्तवृत्ती म्हणत ती हीच. इथून शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, ते 1936 पासून राहिले. पण हिशेबाची शिस्त त्यांनी त्याच्या कितीतरी आधी, 1894 साली नाताळ इंडियन काँग्रेस काढली तेव्हापासून पाळली. पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही, पै-पैचा हिशेब लिहायचा. सार्वजनिक कामात हिशेब हा सत्याचाच भाग आहे, असं ते मानत. आपण सत्य भाषणात ठेवतो आणि व्हाउचर पिशवीत ठेवतो.

याच कायद्यातल्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कलम 22. विश्वस्त बदलला, वारला, नवा आला, तर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. दोन, कलम 36. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाड्याने द्यायची तरी शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि इतर जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी परवानगीशिवाय देता येत नाही.

चेंज रिपोर्टकडे लोक कागद म्हणून बघतात. पण होतं काय? अध्यक्ष वारतात, सचिव मुलाकडे नागपूरला राहायला जातात. कागदावर जुनीच नावं. बँक म्हणते, सही जुळत नाही. अनुदान देणारा म्हणतो, अधिकृत कार्यकारिणीची यादी आणा. दोन गट उभे राहतात, दोघेही स्वतःला खरी कार्यकारिणी म्हणतात, आणि प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. तोवर वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाचं बिल किराणावाला उधारीवर लिहीत बसतो. त्या 90 दिवसांची किंमत ही आहे.

बँकेत पैसे आहेत, पण आपले किती?

मला एकच धडा शिकवायला वेळ दिला, तर मी हा शिकवीन. जरा आकडे घेऊ. समजा, वार्षिक सभेत कोषाध्यक्ष सांगतात, बँकेत 7 लाख 20 हजार रुपये आहेत. सभासद खूश. कोणी तरी म्हणतं, सभागृहाला फरशी बसवू, दीड लाखात होईल. ठराव मंजूर.

आता आपण त्या 7 लाख 20 हजारांना विचारू, तुम्ही कोणाचे? त्यातले 6 लाख एका कंपनीने आरोग्य तपासणीच्या प्रकल्पासाठी दिलेले. ते दुसऱ्या कामाला वापरता येत नाहीत. 60 हजार कार्यकर्त्यांचं मार्चचं मानधन, अजून द्यायचं आहे. 25 हजार ऑडिटची फी आणि विजेचं बिल. राहिले किती? 35 हजार. आणि ठराव झालाय दीड लाखाचा.

फरशी बसते. छानही दिसते. मग सहा महिन्यांनी कंपनी विचारते, आमच्या 6 लाखांचं विनियोग प्रमाणपत्र द्या. ते देता येत नाही. दुसरा हप्ता थांबतो. गावोगाव फिरणाऱ्या तीन बायांचं मानधन थांबतं. ज्या म्हाताऱ्या माणसाला धुळीने दम लागतो, त्याची तपासणी थांबते. यात चोरी कोणी केली? कोणीच नाही. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. ताळेबंद वाचता न येणाऱ्या सात चांगल्या माणसांनी एकमताने हे केलं.

राजूरसारख्या गावाला हा धडा जास्त लागू आहे. कंपनी कायदा 2013, कलम 135. ज्या कंपनीचं नक्त मूल्य 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. 2014 पासून हे लागू आहे. वेस्टर्न कोलफील्ड्ससारखी कंपनी शेजारी असलेल्या भागात या पैशाची चर्चा रोज होते. शिवाय 2015 च्या दुरुस्तीनंतर खाण असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. म्हणजे खाणीच्या भागासाठी पैसा आहे. पण तो घ्यायला जी संस्था पुढे येईल, तिची घडी नीट हवी. एप्रिल 2021 पासून सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थेलाही सीएसआर-1 नावाची नोंदणी लागते. घडी बसवलेली संस्था गावात नसेल, तर शहरातली संस्था येईल, काम करेल, फोटो काढेल आणि जाईल. यात त्यांचा दोष नाही. आपण तयार नव्हतो.

कार्यकारिणीचं काम आणि कार्यकर्त्यांचं काम

दुसरी मोठी गफलत कामाच्या वाटणीत होते. काही ठिकाणी अध्यक्ष रोज येतात, चपराश्याला काम सांगतात, हजेरीवर सही करतात, आणि वर्षाचं अंदाजपत्रक मात्र कधी उघडत नाहीत. काही ठिकाणी उलट. सगळं सचिव किंवा व्यवस्थापक बघतो, कार्यकारिणी चहा घेऊन प्रोसिडिंग बुकावर सह्या करते. पहिल्या ठिकाणी कार्यकर्ते गुदमरतात, दुसऱ्या ठिकाणी संस्था एका माणसाची होते.

वाटणी साधी आहे. आपण कशासाठी आहोत, पैसा कुठून येणार, धोका कुठे आहे, व्यवस्थापक कोण, आणि तो नीट काम करतोय का, हे कार्यकारिणीने बघायचं. रोज काय करायचं ते कार्यकर्त्यांनी ठरवायचं. एक कसोटी सांगतो. मागच्या तीन सभांचं प्रोसिडिंग काढा. त्यात संस्थेच्या हेतूबद्दल, पैशाबद्दल आणि माणसांबद्दल किती चर्चा आहे आणि सत्कार, स्नेहसंमेलन, शामियान्याबद्दल किती, ते मोजा. उत्तर मिळेल.

आणि माणसांबद्दल म्हणजे काय? सेवाभावी संस्था म्हणून कार्यकर्त्याला नेमणुकीचं पत्रच द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, असं 2013 चा कायदा सांगतो. वीस किंवा जास्त असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. कांट म्हणाला होता, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. आपण ते लाभार्थ्यांच्या बाबतीत पाळतो आणि स्वतःच्या कार्यकर्तीच्या बाबतीत विसरतो. ती गरिबांसाठी काम करते, म्हणून तिने गरीब राहावं असं थोडंच आहे?

मग शिकवायचं कसं?

गिल्बर्ट राईल नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होता. 1949 साली त्याचं 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' आलं. त्यात त्याने एक भेद केला. 'अमुक आहे' हे माहीत असणं वेगळं आणि 'अमुक करता येणं' वेगळं. पोहण्याबद्दल पुस्तक वाचलेला माणूस विहिरीत टिकेलच असं नाही. आपली बरीच प्रशिक्षणं पहिल्या प्रकारची असतात. दोन दिवस सभागृह, पडद्यावर मुद्दे, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. माहिती मिळते, करता येत नाही.

आपल्याकडे याहून चांगला नमुना शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. गोखल्यांनी 1905 साली भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षं शिक्षणाची उमेदवारी ठेवली होती. अभ्यास करायचा, देश फिरायचा, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करायचं. सार्वजनिक काम हा शिकून करायचा व्यवसाय आहे, हे गोखल्यांनी तेव्हा ओळखलं.

आज या विषयाच्या संस्था कमी नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासून समाजकार्य शिकवते. आणंदला कुरियनांनी 1979 साली ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था उभी केली. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेने स्वयंसेवी क्षेत्रातल्या लोकांसाठी विकास व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवला. भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी 1982 पासून लोकप्रतिनिधी आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांची प्रशिक्षणं घेते. पण राजूरच्या महिला मंडळाच्या कोषाध्यक्षांना मुंबईला जाऊन राहणं जमणार नाही. शिवाय बरेच अभ्यासक्रम पगारी कार्यकर्त्यांसाठी असतात, विश्वस्तांसाठी नसतात. कार्यकर्ता शिकून येतो आणि न शिकलेल्या कार्यकारिणीपुढे उभा राहतो. मग तो वर्षभरात नोकरी सोडतो.

म्हणून माझी सूचना अशी. वणी तालुक्यातल्या पाच-सहा छोट्या संस्थांनी एकत्र यावं. वर्षातून चार रविवार. प्रत्येक संस्थेचे दोन विश्वस्त आणि दोन कार्यकर्ते, एकाच बाकावर. पहिल्या रविवारी आपापली घटना आणि शेड्यूल वनचा उतारा घेऊन यायचा. कागदावर कोण आहे आणि प्रत्यक्षात कोण आहे, ते ताडून बघायचं. दुसऱ्या रविवारी स्वतःचा ताळेबंद. एखादे सीए बोलवा आणि मघाचा प्रश्न विचारा, आपले पैसे किती? तिसऱ्या रविवारी माणसं : नेमणूक पत्रं, मानधन, तक्रार कुठे करायची. चौथ्या रविवारी एकच प्रश्न, पाच वर्षांनी ही संस्था कोण चालवणार? दोन रविवारांच्या मध्ये तीन महिने असतात. तेवढ्यात ठरवलेलं काम करून दाखवायचं. प्रमाणपत्र नको. दाखल झालेला चेंज रिपोर्ट हेच प्रमाणपत्र.

सेवाभाव जाईल का?

एक आक्षेप नेहमी येतो. व्यवस्थापन आलं की सेवाभाव जातो. संस्था कंपनीसारखी होते, माणसांचे आकडे होतात. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. किती शिबिरं, किती लाभार्थी, यांचे तक्ते भरता भरता माणूस हरवतो, हे खरं आहे. पण पीटर ड्रकर, ज्याने 1990 साली ना-नफा संस्थांच्या व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं, त्याचा युक्तिवाद ऐका. धंद्याला नफ्याची ओळ असते. चुकलं की ती ओळ बोलते. सेवाभावी संस्थेला तशी ओळ नसते, म्हणून तिलाच व्यवस्थापनाची गरज जास्त. आपलं काम चांगलं चाललंय की नाही, हे तिला स्वतःच ठरवावं लागतं आणि स्वतःच तपासावं लागतं.

आणि आपल्या विदर्भात गाडगेबाबा होऊन गेले. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. व्यवस्थापनाचा शब्द त्यांच्या तोंडी नसेल. पण त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि त्यांचे ट्रस्ट केले. स्वतः मालक झाले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. उभं केलेलं दुसऱ्याच्या हाती देता येणं, ही व्यवस्थापनाची शेवटची परीक्षा. आपल्यातले पदवीधर तिथे नापास होतात.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, आमच्या मंडळात बहुतेक बाया चौथी-सातवी शिकलेल्या आहेत. ताळेबंद त्यांना कसा कळणार?

उत्तर : ताई, त्या बचत गट चालवतात ना? कोणाचं कर्ज थकलं, व्याज किती, पासबुकात किती आणि हातात किती, हे त्यांना तोंडपाठ असतं. ताळेबंद याहून वेगळा नाही. तो फक्त अवघड शब्दांत लिहिलेला असतो. तुमच्या सीएला सांगा, एका पानावर चार ओळी लिहून द्या : आले किती, गेले किती, शिल्लक किती, त्यातले आपले किती. मला तर वाटतं, या बाया हा वर्ग पदवीधरांपेक्षा लवकर पास होतील.

प्रश्न : आमचे अध्यक्ष संस्थापक आहेत. पंच्याऐंशी वर्षांचे. त्यांच्यासमोर 'पुढे कोण' हा विषय कोणी काढत नाही. अपमान होईल असं वाटतं.

उत्तर : हा आज आलेला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. तुमचा संकोच मला समजतो. पण 'तुम्ही गेल्यावर काय' असं विचारू नका. त्यांना विचारा, दादा, तुम्ही हे कसं उभं केलं ते आम्हाला शिकवाल का? दर आठवड्याला एक तास. जमीन कशी मिळाली, पहिली देणगी कोणाची, घटनेत हे कलम का घातलं. एकाने लिहून घ्यायचं. चार-सहा महिन्यांत संस्थेची निम्मी माहिती त्यांच्या डोक्यातून वहीत येईल. आणि शिकवता शिकवता माणूस आपोआप मागच्या खुर्चीवर सरकतो, हे मी वर्गात चाळीस वर्षं बघितलंय. तेवढं झालं, की त्यांच्याच हाताने नव्या नावाचा ठराव मांडून घ्या. चेंज रिपोर्ट मात्र 90 दिवसांत द्या.